सातव्या ब्राउनवरचं हसू

“काका, सातव्या ब्राउनवर कोण हसतं?”

पर्णिकाने विचारून टाकलं. सृष्टी आणि रुचा या मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव, नाहीतर तू भित्री! पण हल्ली ती कुणाच्या बापाला भीत नव्हती.

गोल्फ कोर्स सांभाळणारे जगन्नाथकाका गाफ नावाच्या वाळवंटी झाडाखाली ब्रश झटकत होते. त्यांचा हात थांबला.

“कुणी सांगितलं तुला?”

“सृष्टीच्या डॅडींनी ऐकलंय. लोक सातवं होल सोडून थेट आठव्याला जातात म्हणे. पण काका, दर शुक्रवारी आम्ही तिथेच तर असतो! आम्हाला नाही कधी ऐकू आलं.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग गेटकडे. तिथे सवितामावशी टॅक्सी थांबवून बसली होती. ती पुण्याहून आली होती, पर्णिकाला अकरावीसाठी न्यायला. इथल्या अल मजाज भागातल्या फ्लॅटमधलं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. पर्णिकाचं एकच पालुपद, आई-बाबांना सोडून येणार नाही, खलास!

“आज पुसायच्या आधी वाळू नीट बघ, बेटा,” काका म्हणाले आणि त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला.

शहराच्या दक्षिणेची ही गाफची झाडी दुपार कलली की एकदम गप्प व्हायची. कोर्सवर गवत नव्हतंच. प्रत्येक खड्ड्याभोवती तेल घालून दाबलेली वाळू, तोच ब्राउन. चेंडू आत गेला की आपली पावलं आपणच ब्रशने पुसायची, असा इथला नियम.

आई नेहमीच्या बाकावर होती, त्याच लिंबू रंगाच्या ड्रेसमध्ये. बाबा भर उन्हात उभे होते. कपाळावर घामाचा थेंब नाही.

“खांदा सैल सोड,” बाबा म्हणाले. हल्ली ते स्वतः खेळत नसत, नुसतं शिकवत.

“अहो, मारू दे की तिला तिच्या पद्धतीने!”

“वॉच मी, बाबा!”

चेंडू घरंगळत गेला आणि टुपकन खड्ड्यात पडला. बाबा नाचतच ब्राउनवर आले, मागोमाग आई. पर्णिका खदखदून हसली. झाडीतून येणारे दोन खेळाडू ते हसू ऐकून जागीच थबकले आणि घाईघाईने परत फिरले.

“मावशी काय म्हणते?” आईने विचारलं.

“तेच गं. चल म्हणते.”

“मग जा की. चांगलं कॉलेज आहे.”

“आणि तुम्ही?”

आई बाबांकडे वळली. बाबा चेंडूकडे बघत राहिले.

पर्णिकाने ब्रश उचलला. एरवी ती न बघताच झरझर पुसून टाकायची. आज तिने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

खड्ड्याभोवतीच्या सगळ्या वाळूत फक्त तिच्याच बुटांचे ठसे होते. नाचत आलेल्या बाबांचा एकही नाही, आईचाही नाही.

तिने ते एकेक करून, अगदी सावकाश पुसले.

“आई, बाबा,” ती मान वर न करता म्हणाली, “मी मावशीबरोबर जातेय. पुढच्या शुक्रवारी इथे कुणी हसणार नाही.”