कंपनी बुडाली

तीन वर्षांनी मुंबईहून परतलेला भागोजी स्वतःच्याच दारात परक्यासारखा उभा होता. समोर बायको द्वारकी, कडेवर तान्हं मूल. धाकटा भाऊ मान खाली घालून जाळं विणत राहिला.

"तुमचे दिवस घातले आम्ही," अखेर द्वारकी म्हणाली. "वर्षभर उघडं कपाळ घेऊन बसले. मग ज्यांना भावोजी म्हणत होते, त्यांच्याशीच पंचांनी पाट लावून दिला."

"पण मी मेलो म्हणून सांगितलं कुणी?"

"बोटीपर्यंत माणसं पोचवणाऱ्या पडाववाल्या हसनचाचांनी. मुंबईचा निरोप गलबतावरच्या कुणा तांडेलाच्या तोंडून त्यांच्या कानी आला होता. 'घरी सांगा, कंपनी बुडाली.' आणि तुमची बोट पुन्हा दिसलीच नाही."

दोनच हंगाम चाललेली ती आगबोटींची कंपनी. भागोजी तिच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. गावात मात्र बोटीलाच कंपनी म्हणत: कंपनी आली, कंपनी सुटली. त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्याला आज दिसला, पाण्याखालच्या खडकासारखा.

"चाचा खोटं बोलायचे नाहीत," द्वारकी म्हणाली. "मुंबईहून तो निरोप धाडला तरी कुणी?"

मालकांचं दिवाळं निघालं त्या दिवशी, दुसऱ्या बोटीवर काम मिळाल्याखेरीज घरी तोंड दाखवायचं नाही असं ठरवून, ते चार शब्द त्यानेच धाडले होते.

भागोजीने गाठोडं उचललं. तान्ह्याकडे एकदा पाहिलं, आणि तो बंदराच्या वाटेला लागला.