उघडी लाइन

डोळ्यांच्या दवाखान्यात आईच्या डोळ्यांत तिसऱ्यांदा थेंब पडले आणि नेमकं तेव्हाच लेकीच्या फोनमधलं नेट संपलं. दिवस वाईट असला की सगळं एकदमच संपतं.

वकीलबाईंचा मेसेज होता : पाचच्या आत फॉर्म भरून पाठवा, नाहीतर तारीख पुढे जाईल. एकच रकाना उरला होता, नव्या खोलीच्या पत्त्याचा. खोली तिनं गुपचूप घेतली होती. नवऱ्याला पत्ता कळला, तर तो तिथेही दारात येऊन उभा राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायला बसायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार, आणि तेवढा जीव तिच्यात उरला नव्हता.

नवरा ऑफिसांमधून वायफाय बसवून देण्याची कामं करायचा. “फुकटच्या वायफायवर लोकांचं काय काय दिसतं म्हणून सांगू!” असं जेवताना हसून सांगायचा. ते तिला आठवत होतं. तरी तिनं दवाखान्याच्या वायफायवर बोट ठेवलंच. दमलेलं माणूस उघडं दार लावायलाही उठत नाही.

“काय करतेस गं?” आईनं विचारलं. थेंब मुरेपर्यंत तिला डोळे मिटून बसायचं होतं.

“ऑफिसचं काम आहे. इथलं वायफाय लावतेय.”

“काउंटरवरची बाई मघापासून सगळ्यांना पासवर्ड ओरडून सांगतेय. एक ते आठ. सगळ्यांना एकच किल्ली, तर कुलूप हवं कशाला?”

“आई, कोणाला पडलंय माझ्या मेसेजचं?”

“मला तरी कुठे पडलेलं असायचं? तरी ऐकू यायचंच.”

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, गावोगावचे ट्रंककॉल जोडून द्यायचे. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, असा तिथला दंडक. आईनं तो निवृत्तीनंतरही पाळला. शेजारणी खोदून खोदून थकल्या, पण हिच्या तोंडून चकार शब्द नाही.

“पत्ता त्या वायफायवर टाकू नकोस,” आई हळूच म्हणाली. “वकीलबाई इथून जवळच बसतात ना? कागदावर लिही, हातात देऊन ये.”

लेकीचं बोट थबकलं. “तुला कोणी सांगितलं?”

“काल जिन्यात बोलत होतीस. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.”

लेकीला रडू फुटलं. समोरच्या बाकावरचे म्हातारे बघायला लागले, तशी तिनं मान खाली घातली. वायफाय बंद केलं. आईच्या केसपेपरचं मागचं पान फाडून त्यावर पत्ता लिहिला.

“रागावली नाहीस?”

“कशाला रागावू? मला नाही जमलं तुझ्यासारखं निघायला.”

लेक उठता उठता परत बसली. “म्हणजे?”

“एकदा तुझ्या बाबांचा कॉल माझ्याच बोर्डावर आला. दौऱ्यावर होते. मला वाटलं, घरी लावतायत. नंबर दुसरीकडचा होता. बाई बोलत होती.”

“आणि तू ऐकत राहिलीस?”

“कॉल चालू असताना आम्ही एकदाच बोलायचं. तीन मिनिटं झाली, वाढवून देऊ का, एवढंच. तेवढं विचारलं.”

“मग बाबा?”

आईनं मिटल्या डोळ्यांतून ओघळलेलं औषध कापसानं टिपलं.

“वाढवा म्हणाले. थँक्यू ताई, म्हणाले.”