सातवा चुकीचा कोड

चुकीचा कोड दाबला की फोन अर्धा सेकंद थरथरायचा. टेबलाच्या लाकडावर त्याचा बारीक आवाज व्हायचा आणि पडद्यावर पुन्हा चार रिकामे गोल यायचे. आतापर्यंत असं तीनदा झालं होतं. ती मोजत होती.

"तुम्हाला कोड माहीत नाही म्हणता, मग हाच मार्ग," साहेब म्हणाले. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ते तिच्या नवऱ्याचे वरिष्ठ होते. "दहा वेळा चुकला की फोन आपोआप कोरा होतो. कंपनीचा फोन पुसूनच परत घ्यायचा, असा नियम आहे, वहिनी. तुमच्याच सोयीचा. घरचे फोटो असतात, खाजगी बोलणं असतं. ते परक्याच्या हाती कशाला?"

साहेबांनी चौथा कोड दाबला. मग पाचवा.

"ऑफिसातून पुसून पाहिला. होईना. सिम काढलंय का कुणी?"

"मी काढलं."

"का बरं?"

"सारखे फोन येत होते."

साहेबांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली. फोनशेजारी दोन कागद एकाच पिनेने टाचून ठेवले होते. वरच्यावर लिहिलं होतं, की मुख्य वीजपुरवठा बंद न करता काम केल्यामुळे, म्हणजे कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला आणि घरच्यांची काही तक्रार नाही. त्यावर तिची सही हवी होती. खालचा कागद तिच्या नोकरीचा. कंपनीच्या गोदामात कारकून, कायम. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं तिचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि मुलगी पहिलीत होती. साहेबांना हे सगळं ठाऊक होतं.

सासरे खिडकीशी बसले होते. "करून टाक सही, पोरी," ते म्हणाले. "चौतीस वर्षं वायरमनचं काम केलं मी. पोराला पहिला धडा दिला तो हाच. आधी मेन बंद कर, मग हात घाल. पाचवीत होता तेव्हापासून घोकून घेतलाय. आणि ऐन वेळी विसरला गाढव."

पोरगा गेल्यापासून बावीस दिवस ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. जुन्या सोबत्यांचे फोन वाजून वाजून बंद होत.

"चालायचंच, काका. माणूस आहे, चूक होते," साहेब म्हणाले. "आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

सहावा कोड. या वेळी फोनने एक मिनिट थांबायला सांगितलं.

मनात ठेवलेलं नाही! तिची कानशिलं तापली. कोड तिला माहीत होता. मुलीच्या जन्माचा दिवस आणि महिना. दवाखान्यातून फोन हातात मिळाला त्याच संध्याकाळी तिने तो उघडला होता, शेवटचे दोन निरोप वाचले होते आणि लगेच सिम काढून टाकलं होतं. ज्याने लिहिलं त्याला ते दुरूनही पुसता येतं, एवढं तिला कळत होतं. पडद्याचा फोटोही तिने काढून ठेवला होता. पण नमुन्याचा फोटो म्हणजे नमुना नव्हे, हे बारा वर्षं ती विद्यार्थ्यांना बजावत आली होती.

तेव्हापासून रोज सकाळी ती ठरवायची, आज बाबांना सांगायचं. रोज मुलीचं दप्तर भरता भरता धीर सुटायचा. मघाशी कोड माहीत नाही असं सांगणारीही तीच. आता तर काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं आणि मोजत राहायचं.

सातवा कोड.

"आता पाच मिनिटं थांबा म्हणतोय," साहेब हसले. "आमच्या हेड ऑफिसपेक्षा ताठ आहे की हा." मग खुर्ची सासऱ्यांकडे वळवून ते जरा ऐसपैस बसले. "खरं सांगू का काका, हल्लीच्या पोरांना सांगून उपयोग नाही. मी घसा फोडून सांगतो, मेन बंद करा रे, मेन बंद करा. पण यांना घाई."

सासऱ्यांनी हात जोडले. "माफ करा, साहेब. आमच्या पोरापायी तुमच्या मागे नसता ताप लागला."

त्या जोडलेल्या हातांकडे तिला पाहवेना. कुणी कुणाची माफी मागायची? तिने टेबलावरचा फोन उचलला.

"राहू द्या, मी करतो ना," साहेब म्हणाले. "अजून तीनच तर उरलेत."

"मला एक पुरे."

ती पाच मिनिटं सरायची वाट पाहत उभी राहिली. मग तिने चार आकडे दाबले. फोन उघडला. साहेबांची पाठ खुर्चीपासून सुटली.

"बाबा, हे वाचा. मोठ्याने."

सासऱ्यांनी चष्मा लावला. एकेक शब्द सुटा सुटा वाचला. "'साहेब, मेन बंद करतोय. अर्धा तास लागेल.'" ते थांबले. बोट खाली सरकलं. "'बंद करू नकोस. दोन्ही लिफ्ट थांबतील. मालकांचे पाहुणे आलेत. चालूतच कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.'"

त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. "विसरला नव्हता," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "विसरला नव्हता तो."

साहेब उभे राहिले होते. "वहिनी, फोन कंपनीचा आहे, हे ध्यानात ठेवा. आणि त्या दुसऱ्या कागदाचाही विचार करा. मुलगी लहान आहे."

"बावीस दिवस तोच विचार केला, साहेब," ती म्हणाली. "सही मी करणार नाही. फोन आत्ता पोलीस ठाण्यात जमा करणार आहे, आणि तक्रार तुमच्या नावाने देणार आहे."