गुडघ्यांचा काढा

तात्यांची बायको, वेणू, गेल्याचं कळलं तशा आळीतल्या बायका धावत आल्या. रडून झालं तरी उठेनात. शेवटी शेवंता म्हणाली, "तात्या, काकूंचा काढा आता तुम्हीच करा. अशोकाची साल तुम्हीच कुटायचात ना?"

"कुटायचो की. पण तुम्हा तरण्या पोरींचे गुडघे कशानं दुखतात?"

"गुडघे कुठले! पाळी मागेपुढे झाली की काकू द्यायच्या तो."

तात्या दचकले. "मला तर गुडघ्यांचा म्हणाली होती! दोन हिवाळे चोरून प्यालो मी."

"मग, आली का वेळेवर?" मागून एक म्हातारी म्हणाली, आणि डोळे पुसणाऱ्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. तात्याही हसले.

मग त्यांनी खलबत्ता ओढला. साल किती उकळायची, हे मात्र वेणूला विचारायचं राहून गेलं होतं.