सगळ्यात स्वस्त पेशंट

कॅन्सर वॉर्डातलं लेझरचं मशीन ठेवायचं की परत पाठवायचं, हे आज ठरणार होतं, आणि ते चालवणाऱ्या सिस्टरताई त्यासाठीच हिशेब खात्यात येऊन बसल्या होत्या. उपचारांमुळे पेशंटचं तोंड येतं, आतून पार सोलवटून निघतं. ते टळावं म्हणून हे मशीन. पण हिशेबनीस साहेबांना आकडे हवे होते. लेझर घेतलेल्यांच्या फायली एकीकडे, न घेतलेल्यांच्या दुसरीकडे, आणि कॅल्क्युलेटरवर बोटं नाचत होती.

“ताई, कशाला हट्ट धरता? लेझरवाल्यांचं बिल दुप्पट आहे.” साहेब कसले खुशीत होते. “आणि हे तुमचे सुतारकाका बघा. लेझर घेतलं नाही, तरी अख्ख्या वॉर्डात सगळ्यात कमी खर्च. तिसऱ्या आठवड्यानंतर तर औषधाला एक पैसा नाही.”

“फाईल शेवटपर्यंत वाचलीत का, साहेब?”

“कशाला? आकडे पहिल्याच पानावर असतात.”

ताईंनी शेवटचं पान काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

 

पाण्याचा घोटही गिळवेना म्हणून सुतारकाकांनी तिसऱ्या आठवड्यात उपचार सोडले होते, आणि चार महिन्यांत ते गेले होते.