निषेधाची एक ओळ

रंजनाने पोस्ट तिसऱ्यांदा वाचली. बावीस शिव्या आणि धमक्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे देणाऱ्याचं नाव. बाईंचं स्वतःचं एक अक्षर नाही.

बाई म्हणजे कुसुमताई, घाटाखालच्या एका गावातल्या शिक्षिका. येत्या रविवारी तिथे दारूचं दुकान बंद करायचं का, यावर बायकांचं मतदान होतं. बाटली आडवी करा, म्हणून त्या महिनाभर लिहीत होत्या. त्यावर जे जे आलं, ते त्यांनी आता जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं. एकसष्ट जणांनी तक्रार केली होती आणि त्यातले कितीतरी यादीतलेच होते. याआधी दोनदा त्यांची पोस्ट उडाली होती. आता तिसऱ्यांदा उडाली की खातंच बंद.

हैदराबादेत, आबिड्सच्या ज्या ऑफिसात या साइटवरच्या तक्रारी तपासल्या जात, तिथे मराठी पोस्ट बघायला रंजना एकटीच, आणि तिच्या वर पुण्याहून आलेला मिलिंद. तिने त्याला बोलावलं.

"शिवी दुसऱ्याची असेल तर चालते, ताई," तो उभ्या उभ्या वाचून म्हणाला. "पण निषेध स्पष्ट शब्दांत लागतो. 'हे चूक आहे' असं कुठे म्हटलंय त्यांनी? एक ओळ दाखवा."

"हौ रे, पण घर जाळतो म्हणायलाय तो! चूक आहे करून अजून सांगायचं काय?"

"मला नाही सांगावं लागत. नियमात बसायला हवं ना." तोही थकलेलाच होता. "तुम्ही ठेवलीत तरी उद्या वरचे काढतील. वर तुमचे मार्क जातील. या महिन्यात दोनदा गेलेत. अजून एकदा गेले तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"मग त्यांना कळवू? एक ओळ घाला करून?"

"आपल्याला कळवता येत नाही, ताई. माहितीये तुम्हाला."

तो गेला. रंजनाला आधी त्या बाईचाच राग आला. एवढं सगळं लिहिलंत, एक ओळ लिहायला काय झालं होतं? मग लाज वाटली. बाईंना वाटलं असेल, वाचणाऱ्याला कळेल. वाचणारी ती होती, आणि तिला कळलं होतं.

तिने डोळे चोळले आणि 'काढा' दाबलं. कारणांची यादी उघडली. तिने लागू पडणारं कारण निवडलं, 'महिलांना शिवीगाळ व धमक्या', आणि ठरलेला निरोप कुसुमताईंना आपोआप गेला:

"महिलांना इथे सुरक्षित वाटावं, म्हणून आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे."