टाचणीचं वय

"अहो, पोर पाण्यात पडली, आणि तुम्ही तिला किडे कसले दाखवताय!" किशोरी रिक्षातून उतरली तीच ओरडत.

विचुंब्याच्या तळ्याकाठी समृद्धी बापाच्या शर्टात गुंडाळून बसली होती. सकाळी पाय घसरून ती पाण्यात गेली आणि दिसेनाशीच झाली. गावातली माणसं तळं ढवळत होती, तोवर ही पलीकडच्या लव्हाळ्यातून आपली आपण चालत बाहेर आली. फ्रॉक पाण्यातच राहिला म्हणे. जीव वाचला, फ्रॉकचं काय घेऊन बसायचं!

किशोरीने तिला पोटाशी धरलं आणि पटकन दूर केलं. अंग गार होतं, फिकट होतं.

"अहो, हिच्या गालावरचा तीळ कुठाय?"

"घाबरून पांढरी पडलीय गं. रंगावर काय जातेस?" कृष्णकांत म्हणाला. त्याला टाचण्यांचा भारी नाद. चतुराच्या जातीतल्या त्या किडकिडीत किड्यांपायी बापलेकीचे सगळे रविवार इथेच जायचे. आता एक टाचणी त्याने पंखांना अलगद धरली होती. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच त्याला बघायचं होतं.

"सांग बाळा, नर की मादी?"

एरवी समृद्धी तोंडाला येईल ते ठोकून द्यायची.

"मादी. रंगावरून नर वाटते, पण शेपटीचं टोक खालून जाड आहे. अंडी घालायला."

"आणि वय?"

"आजचीच आहे. अंग मऊ आहे, पंख नवे चमकतायत. अजून नीट उडता येत नाही तिला."

"शाबास!" कृष्णकांतचे डोळे भरून आले.

तळ्यावरचं धुणं टाकून आलेल्या गावातल्या सोनाबाईने पोरीवरून बोटं मोडली. "बाय माझे! पोरीनं कात टाकली गं!"

समृद्धी तिच्याकडे बघतच राहिली. "हो," ती म्हणाली. "तिकडेच आहे. लव्हाळ्याला."

"टाचणीची कात म्हणतेय," कृष्णकांत हसला. "बरोबर आहे, जवळच असते. जा, बघून ये. मग तरी पोर ठीक आहे हे पटेल ना तुला?"

किशोरीला पटायलाच हवं होतं. पोटच्या पोरीची भीती वाटावी, याची तिला शरम वाटत होती. सलवार वर खोचून ती लव्हाळ्यात शिरली.

फ्रॉक तिथेच अडकला होता. पुढची बटणं लावलेली, पाठ मानेपासून उभी उसवलेली. आत काहीतरी पातळ, पारदर्शक वाऱ्याने हलत होतं, आणि त्याच्या गालावर तीळ होता.